एकच रुमाल

कराडच्या एसटी स्टँडवर ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना जागा धरणं शिकवावं लागत नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशवी, कालचं वर्तमानपत्र आणि वेळ पडली तर धाकटा भाऊ आत टाकायचा. तेही एकाच गाडीत नाही. पुण्याची गाडी लागली असेल तर तिच्यात एक रुमाल, आणि शेजारी मुंबईची उभी असेल तर तिच्यात दुसरा, कारण तीही पुण्यावरूनच जाते. जी आधी सुटेल ती आपली. याच तत्त्वावर मी बारावीनंतर बी.एस्सी.ला नाव घालून ठेवलं आणि इंजिनिअरिंगच्या याद्यांची वाट बघितली. पुढे दोन कंपन्यांची पत्रं खिशात ठेवून तिसरीची मुलाखत दिली आणि त्या तिसरीनं मला न्यू जर्सीत आणून सोडलं. त्यामुळे लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला गेली आणि इथल्या कॉलेजांना मुदतीच्या आधी, ‘अर्ली’ अर्ज करता येतो असं कळलं, तेव्हा मी बायकोला म्हटलं, ‘‘हे माझ्यावर सोड. हा माझा विषय आहे.’’

बायकोनं सोडलं नाही, पण मी धरलं.

इथल्या मराठी माणसाला कॉलेजप्रवेशाचं ज्ञान मुख्यतः दोन ठिकाणी मिळतं. एक, देशी किराणा दुकानात भेंडी मोडून बघताना, आणि दुसरं, मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत. २०२४च्या गणपतीत माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. त्यांचा मुलगा आदल्या वर्षी एका फार मोठ्या नावाच्या विद्यापीठात लागला होता. रांगेतले सगळे त्यांच्याशी जरा वाकूनच बोलत होते. ‘‘आम्ही अर्ली केलं,’’ ते म्हणाले आणि मोदकाचं नाक मोडलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, ‘‘आम्ही चार ठिकाणी अर्ली करणार आहोत.’’ गृहस्थांचा मोदक हातातच राहिला. ‘‘चार?’’ त्यांनी विचारलं. मला वाटलं, माणूस जळला.

घरी येऊन मी अभ्यासाला बसलो. क्रिस्तोफर ॲव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर या तिघांनी २००३मध्ये याच विषयावर एक पुस्तक लिहिलं आहे. हजारो अर्ज तपासून त्यांनी असं दाखवलं, की अर्ली अर्ज करण्यानं होणारा फायदा सॅटच्या परीक्षेत सुमारे १०० गुण जास्त मिळण्याइतका असतो. एवढं वाचून मी पुस्तक मिटलं आणि कॅल्क्युलेटर काढला. चार ठिकाणी अर्ली म्हणजे ४०० गुण. लेकीला १५००च्या आसपास होते. सॅट १६०० गुणांची असते. म्हणजे लेक काहीही न करता १९००वर पोचत होती. हा हिशेब मी तिला दाखवला. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘बाबा, तू खरंच इंजिनिअर आहेस ना?’’

मी एक्सेल उघडली. माझ्या पिढीच्या माणसाला संकट आलं की तो देव्हाऱ्याकडे जात नाही, एक्सेलकडे जातो. पहिल्या स्तंभात कॉलेजं, दुसऱ्यात मुदत, तिसऱ्यात प्रकार. गाडी तिसऱ्या स्तंभात अडली.

कारण ‘अर्ली’ ही एक भानगड नाही. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे बांधून घेणं. अर्ज साधारण १ नोव्हेंबरला द्यायचा, डिसेंबरच्या मध्यावर निकाल, आणि घेतलं तर तिथेच जायचं, बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. असा अर्ज एका वेळी एकाच कॉलेजला. ‘अर्ली ॲक्शन’ म्हणजे अर्ज लवकर, उत्तर लवकर, पण बांधिलकी नाही. हवे तितके करा आणि १ मेपर्यंत सावकाश ठरवा. इथवर मला कळलं. मग आलं ‘रिस्ट्रिक्टिव्ह अर्ली ॲक्शन’. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड अशा मंडळींचा हा खास मामला. येल त्यालाच ‘सिंगल-चॉइस’ म्हणतं. इथे तुम्ही बांधलेले नाही, पण दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ली अर्जही करायचा नाही. म्हणजे आम्ही तुम्हाला घेतलं तरी तुम्ही या असा आग्रह नाही, पण तोपर्यंत इकडेतिकडे बघायचंही नाही. शिवाय एक ‘अर्ली डिसिजन टू’ आहे. ती जानेवारीच्या सुरुवातीला, पहिलीत हात पोळलेल्यांसाठी. काही विद्यापीठं अशी, की तुम्ही त्यांच्याकडे बांधून घेत असाल तर दुसऱ्या खासगी कॉलेजला साधी अर्ली ॲक्शनसुद्धा करू नका म्हणतात. काही म्हणतात, ॲक्शन कितीही करा, फक्त डिसिजन दुसरीकडे नको. मॅसॅच्युसेट्सचं एमआयटी म्हणतं, आमच्याकडे अर्ली ॲक्शन आहे, तुम्ही इतरत्र काय करता ते त्या त्या कॉलेजचे नियम बघून ठरवा. आणि तिकडे कॅलिफोर्निया विद्यापीठ म्हणतं, आमच्याकडे अर्लीबिर्ली काही नाही, ठरलेल्या तारखेपर्यंत सगळ्यांनी एकाच रांगेत या. मला त्या विद्यापीठाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. पण तिथे परराज्यातल्यांची फी बघून तो ओसरला.

मी नियम तीनदा वाचले आणि प्रत्येक वेळी त्यातून मला हवा तोच अर्थ काढला. ‘एका वेळी एकच’ यातल्या ‘एका वेळी’वर माझा जोर होता. सकाळी एक केला आणि संध्याकाळी दुसरा, तर?

याचं उत्तर मला पुण्याहून मिळालं. भाचा नुकताच कॅप राउंडमधून इंजिनिअरिंगला लागला होता. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्याला अमेरिकन व्यवस्थेची गुंतागुंत समजावून सांगायला घेतली. पाचेक मिनिटं तो ऐकत होता. ‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘हे ऑटो फ्रीज आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की फ्रीज होतं, पुढच्या राउंडला बसता येत नाही. यांनी फक्त पसंतीच एक ठेवली आहे.’’ मी म्हटलं, तसं नाही रे, इथे फार वेगळं असतं. तसंच होतं. पण एकोणीस वर्षांच्या पोरानं अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला एका वाक्यात समजावायचं, हे आमच्या घराण्यात बसत नाही.

शाळेच्या काउन्सेलरबाईंची पहिली भेट सप्टेंबरात झाली. बाई शांत, केस पांढरे, टेबलावर गोळ्यांची बरणी. मी विचारलं, अर्ली डिसिजन दोन करता येतील का? त्या म्हणाल्या, एक. मी म्हटलं, एक इथे आणि एक दूर, कॅलिफोर्नियात? त्या म्हणाल्या, एक. मी मंडईत वाढलेला माणूस, दीडवर तरी येतील असं वाटलं होतं. मी म्हटलं, समजा दोन्हीकडे लागली आणि एक नम्रपणे नाकारलं, तर कोणाला कळणार आहे? बाईंनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. अर्ली डिसिजनचा करार. त्यावर तीन सह्या लागतात. विद्यार्थ्याची, पालकाची आणि काउन्सेलरची. ‘‘तिसरी माझी असते,’’ बाई म्हणाल्या आणि मला बरणीतली एक गोळी दिली.

तो करार कोर्टात टिकेल असा कायदा नाही, हे मी त्याच रात्री शोधून काढलं. पण कायद्याची गरजच पडत नाही, हेही पुढे कळलं. शाळेनं एकाच मुलाचे दोन करार पाठवले तर शाळेचं नाव जातं, आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेतून अर्ज करणारी मुलं भोगतात. २०२५मध्ये तर न्यू ऑर्लीन्सच्या ट्युलेन विद्यापीठानं कोलोरॅडोतल्या एका खासगी शाळेतून येणारे अर्ली डिसिजनचे अर्ज वर्षभर घ्यायचे नाहीत असं ठरवलं. कारण? आदल्या वर्षी तिथल्या एका विद्यार्थ्यानं शब्द देऊन माघार घेतली होती. एकाच्या रुमालापायी सगळी गाडी खाली उतरवली. मी हे वाचलं तेव्हा आमचं सगळं उरकलं होतं, तरी अंगावर काटा आला, कारण लेकीच्या वर्षी आमच्या शाळेची गाडी मी जवळजवळ उतरवलीच होती.

ते असं झालं.

बाईंनी सगळ्या पालकांना सांगितलं होतं, मुलांच्या कॉलेजांची यादी ऑक्टोबरच्या आत पाठवा, म्हणजे शिफारसपत्रं आणि गुणपत्रकं वेळेत जातील. माझी एक्सेल तयारच होती. त्यात दोन पानं होती. पहिल्या पानाचं नाव ‘फॉर काउन्सेलर’. त्यात शहाण्या मुलीची शहाणी यादी. दुसऱ्या पानाचं नाव ‘रिअल’. त्यात दोन अर्ली डिसिजन, एक रिस्ट्रिक्टिव्ह आणि खाली खासगी कॉलेजांच्या चार ॲक्शन. ऑफिसात प्रकल्पांची जोखीम लिहायची माझी वीस वर्षांची सवय. म्हणून प्रत्येक ओळीपुढे ‘पकडले जाण्याची शक्यता’ असा इंग्रजीत स्तंभ केला होता आणि सगळीकडे ‘लो’ लिहिलं होतं. त्याच्या पुढच्या स्तंभात कारण: ‘काउन्सेलर बिझी, वोन्ट नोटिस’.

पहिलं पान वेगळं काढून पाठवायचं होतं. मी सगळी फाइल पाठवली. पाठवल्यावर मस्त चहा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. बाईंनी दुसऱ्या पानाची रंगीत प्रिंट काढली होती, आणि माझ्या ‘वोन्ट नोटिस’च्या ओळीवर पिवळ्या हायलायटरनं रेघ मारली होती. लेक माझ्या शेजारी बसली होती. तिला या पानाचा पत्ताही नव्हता. तिनं ते वरपासून खालपर्यंत वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. बाईंनी आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट होतं. ‘‘बिझी असते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण माझ्या लक्षात आलं.’’ या वेळी गोळी मिळाली नाही.

मी बचावात म्हणालो, ‘‘ते ड्राफ्ट होतं.’’

‘‘त्यात रंगसुद्धा भरलेत,’’ लेक म्हणाली, मराठीत, म्हणजे बाईंना कळू नये म्हणून. एवढा आधार दिला तिनं मला.

घरी जाताना गाडीत ती काही बोलली नाही. रूट २७वर सगळे सिग्नल लाल लागले. माझ्या एरवीच्या सवयीप्रमाणे मी प्रत्येक सिग्नलला एकेक मुद्दा मांडला. स्पर्धा केवढी आहे, लोक काय काय करतात, आमच्या वेळी कसं होतं. चौथ्या सिग्नलला तिनं विचारलं, ‘‘यातल्या किती कॉलेजांत मला जायचंय, ते विचारलंस का?’’ मी म्हटलं, आधी लागू तर दे. ती म्हणाली, ‘‘मग लागल्यावर कोण जाणार? तू?’’

त्या दिवसापासून माझी पदावनती झाली. अर्ज लेक बघणार, बायको निबंध वाचणार, आणि मला पैशांचं खातं. बायकोनं ते अशा स्वरात दिलं, की मुंजीत आचाऱ्यावर लक्ष ठेवायला बसवलेल्या काकांना कसं वाटत असेल ते कळलं.

पण पैशांच्या खात्यात बसल्यावर मला एक गोष्ट खरी कळली, आणि ती या सगळ्या नियमांच्या मुळाशी आहे. इथे जवळजवळ प्रत्येक कॉलेजला आपल्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवावा लागतो. २०११पासून कायद्यानं सक्तीच आहे. घरचं उत्पन्न, बचत, घराचं कर्ज भरलं की तो सांगतो, साधारण किती पडेल. माझ्या पहिल्या पसंतीच्या खासगी विद्यापीठाचा आकडा आला. बरा होता. मी बायकोला हाक मारली, ‘‘चार वर्षांचं जमतंय गं!’’ तिनं चष्मा लावून पाहिलं. तो एका वर्षाचा होता. शिक्षण, राहणं, खाणं मिळून इथल्या काही नामवंत खासगी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च आता ९० हजार डॉलरच्या पुढे आहे. आमच्यासारख्यांना, म्हणजे जे गरीब नाहीत आणि श्रीमंत असल्याचं फक्त कराडात मानलं जातं, त्यांना मदत फारशी मिळत नाही.

आता अर्ली डिसिजनची खरी मेख अशी, की एकदा बांधून घेतल्यावर दुसरं कॉलेज किती मदत देतं ते बघायचा प्रश्नच येत नाही. मदत अपुरी पडली तर सुटका मिळते, हे खरं. ते वाचून मला पुन्हा हुरूप आला होता, पळवाट सापडली म्हणून. पण कॅल्क्युलेटर आधीच समोर ठेवलेला असतो, त्यामुळे ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायला तोंड राहत नाही. म्हणजे ज्याला किंमत विचारायची गरज नाही, त्यानं बिनधास्त शब्द द्यावा, आणि ज्याला चार ठिकाणी भाव करायचाय त्यानं मागच्या रांगेत थांबावं. कॉलेजांचा फायदा सरळ आहे. बांधून घेतलेला विद्यार्थी येणारच, त्यामुळे जागा डिसेंबरातच भरतात आणि बोलावलेल्यांपैकी किती आले या आकड्यात कॉलेज वर दिसतं. मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून कोणी ‘एकच’ म्हणत नाही. मला हे कळल्यावर राग आला, आणि रागाच्या मुळाशी हेही होतं, की माझी युक्ती चालली असती तर मला याच व्यवस्थेचं कौतुक वाटलं असतं.

अन्याय होतो हे मोठ्यांनाही कळतं. हार्वर्डनं २००६मध्ये जाहीर केलं, आम्ही अर्ली बंद करतो, त्यात सुखवस्तू घरांतल्या मुलांचं फावतं. प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ मागोमाग गेले. बाकी कोणी फारसं गेलं नाही. २०११मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन दोघेही परत आले. पुढे २०१९मध्ये सरकारच्या न्याय खात्याच्या दबावाखाली इथल्या प्रवेश सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेनं आपल्या आचारसंहितेतले काही निर्बंध काढून टाकले. अर्ली डिसिजनला येणाऱ्यांना कॉलेजनं खास आमिष दाखवू नये, असा त्यातला एक होता. का, तर स्पर्धेला आडकाठी होते. थोडक्यात, कॉलेजांना आमिष दाखवायला मोकळीक, आणि माझ्यासारख्याच्या एक्सेलला मात्र पिवळी रेघ. हा मुद्दा बाईंपुढे मांडावा असं मनात आलं होतं. मांडला नाही.

लेकीनं आपली यादी केली. अर्ली डिसिजन एकही नाही. एक जुनं, भिंतीवर वेली चढलेलं विद्यापीठ, रिस्ट्रिक्टिव्हमध्ये. आणि त्याच्या जोडीला आमच्या राज्याचं रटगर्स, इंडियानातलं पर्ड्यू अशी सरकारी विद्यापीठं, अर्ली ॲक्शनमध्ये. मी टाळी वाजवली, ‘‘सापडलीस! रिस्ट्रिक्टिव्हमध्ये दुसरं चालत नाही.’’ तिनं नियमाचं पान उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. बंदी खासगी कॉलेजांपुरती असते. सरकारी विद्यापीठांना, परदेशी विद्यापीठांना, वर्षभर अर्ज घेणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी मुभा असते, फक्त तिथे बांधून घ्यायचं नाही. जे मी महिनाभर चोरून करू बघत होतो, त्यातलं निम्मं उघडपणे करता येत होतं. नियम तीनदा वाचले होते मी. अपवाद एकदाही नाही.

मी अजून थांबलो नव्हतो. एका खासगी विद्यापीठात शिष्यवृत्तीसाठी अर्ली अर्ज लागत होता, आणि काही रिस्ट्रिक्टिव्हवाले शिष्यवृत्तीच्या मुदतीचा अपवाद करतात. आमचं करतं का, हे त्यांनाच विचारावं म्हणून मी ऑफिसच्या पार्किंगमधून फोन लावला. लेकीचं नाव यायला नको म्हणून म्हटलं, माझ्या एका मित्राची मुलगी आहे. पलीकडची मुलगी फार सभ्य होती. मित्राच्या मुलीची शाळा कुठली, विषय कोणता, सगळं तिनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मित्राच्या मुलीबद्दल मला इतकं कसं माहीत, असा प्रश्न तिला पडला असावा. शेवटी ती म्हणाली, ‘‘सर, तुमच्या मित्राला सांगा, आम्हाला पालकांपेक्षा विद्यार्थ्यांचे फोन आवडतात. आणि मित्राला ऑल द बेस्ट.’’ मी मित्राच्या वतीनं आभार मानले.

त्या वर्षी इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आलं, ३१ ऑक्टोबरला. भारतात ३१ की १ यावर वाद चालला होता. कराडहून आईचा फोन: ‘‘आमच्याकडं उद्या आहे, तुमच्याकडं आज कसं?’’ मी म्हटलं, आमची अमावास्या आधी उगवते. उद्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी अर्जांची मुदत संपणार होती, तीही अर्जदार जिथे असेल तिथल्या घड्याळानं. हे वाचून हवाईत गेलं तर सहा तास जास्त मिळतील, एवढा हिशेब मी करून ठेवला होता, पण तिकीट बघितलं नव्हतं हे नमूद करतो. मी चौरंगावर लक्ष्मीचा फोटो, झेंडूची फुलं, नवी केरसुणी मांडली आणि चोपडीपूजनाच्या जागी लॅपटॉप ठेवला. झाकणावर हळदीकुंकू वाहिलं. दर दोन मिनिटांनी दारावरची घंटी वाजत होती. एक डायनासोर, दोन स्पायडरमॅन आणि एक बहुधा टोस्टर. घाईत मी डायनासोरच्या पिशवीत करंजी टाकली. बायकोनं माझ्या हातून ताट काढून घेतलं आणि मागून जाऊन त्याच्या आईला चॉकलेटं दिली. आरती झाली. मी लेकीला हाक मारली, ‘‘ये, आता मुहूर्तावर बटण दाब.’’

‘‘बाबा, मी परवाच सबमिट केलं. लायब्ररीत.’’

‘‘आणि हा?’’ मी कुंकू लागलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

‘‘हा जुना आहे. चार्ज होत नाही.’’

डिसेंबरच्या मध्यावर वेलीवाल्या विद्यापीठाचं उत्तर आलं. हो नाही, नाहीही नाही. ‘डिफर’ केलं, म्हणजे आता नाही, पण सगळ्यांबरोबर पुन्हा बघू. हे आईला फोनवर समजावणं कठीण गेलं. ‘‘म्हणजे वेटिंग?’’ मी म्हटलं, नाही, वेटिंग वेगळं, ते नंतर. ‘‘म्हणजे नापास?’’ तेही नाही. ‘‘मग झालं काय?’’ मी म्हटलं, काहीच झालं नाही, ते त्यांनी कळवलं आहे. ती म्हणाली, मग कळवायचं कशाला? याचं उत्तर त्या विद्यापीठाकडेही नसावं. लेक संध्याकाळभर खोलीत होती, मग खाली येऊन तिनं उरलेली चकली खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी तिचं ठीक होतं. माझं नव्हतं.

कारण मला आठवली जानेवारीतली अर्ली डिसिजन टू. रिस्ट्रिक्टिव्हचं बंधन आता सुटलं होतं. नियमानं, अगदी उघडपणे, एक ठिकाणी बांधून घेता आलं असतं. रात्री साडेअकराला मी नवी एक्सेल उघडली. एक्सेल उघडल्याचा आवाज होत नाही, तरी वरच्या मजल्यावरून बायको म्हणाली, ‘‘बंद कर.’’ मी म्हटलं, हिशेब बघतोय. ती म्हणाली, ‘‘हिशेबाचा कॅल्क्युलेटर तूच दाखवला होतास.’’ बंद केली.

पुढच्या काही महिन्यांत सरकारी विद्यापीठांपैकी बहुतेकांचे होकार आले. मार्चच्या शेवटी वेलीवाल्यांनी स्पष्ट नकार कळवला. कुठे जायचं ते ठरवायची शेवटची तारीख १ मे. इथे ती ‘डिसिजन डे’ म्हणून साजरी होते, मुलं आपापल्या कॉलेजचे टी-शर्ट घालून शाळेत जातात. आमच्या घरी महाराष्ट्र दिनाचं श्रीखंडही होतं. लेकीनं रटगर्स घेतलं. खर्च त्या खासगी विद्यापीठाच्या निम्म्याहून कमी, आणि घरापासून इतकं जवळ, की मी सहज चक्कर मारू शकतो. दर वेळी आधी फोन करायचा, अशी तिची एकच अट आहे.

आता मंडळात लोक मला गाठतात. ज्यांची मुलं यंदा शेवटच्या वर्षाला आहेत ते हळूच विचारतात, तुमची ती एक्सेल मिळेल का? मिळणार नाही. एक तर हे नियम दर वर्षी बदलू शकतात आणि कॉलेजागणिक वेगळे असतात, ते त्या त्या कॉलेजच्या पानावर, अपवादांसकट, वाचावेत. दुसरं म्हणजे माझ्याकडे ती उरलेली नाही. एक रंगीत प्रत शाळेत आहे. सप्टेंबरातल्या पालकसभेत काउन्सेलरबाई ती नाव झाकून पडद्यावर दाखवतात, असं कळलं. ज्यांना पाहायची असेल त्यांनी सभेला जावं, प्रवेश खुला आहे.